आवाजाचं वय

जिन्यातले दिवे गेले आणि ती कोणाच्या तरी पाठीवर जाऊन आदळली.

"जपून हं, पुढची पायरी तुटकी आहे," ती म्हणाली.

"असं कोणी सांगणार असेल, तर दिवे नाही आले तरी चालतील..." अंधारातून उत्तर आलं.

पण दिवे आले. समोर कानावर पेन्सिल खोचलेला, तिशी ओलांडलेला एक जण उभा होता. ती मनातल्या मनात सावरली. पडद्यावरच्या विशीतल्या नायिकांना आवाज देणारी बाई पन्नाशीला टेकलेली निघाली, की समोरच्याचा चेहरा कसा पडतो, हे तिला पाठ होतं. याचा पडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "तुटकी पायरी कुठली?"

तो डबिंग स्टुडिओतला नवा साउंड रेकॉर्डिस्ट होता. काचेच्या अलीकडे माइकसमोर ती, पलीकडे हेडफोन लावून तो. मग चहा झाला, स्टॉपपर्यंत चालणं झालं, बस मुद्दाम चुकवणंही झालं.

"तू कॉलेजात गेलीस तेव्हा तो पहिलीत होता," धाकट्या बहिणीनं हिशेब मांडला.

"आता दोघंही नोकरीला आहोत."

"तुला ताई म्हणत असेल ना?"

"स्टुडिओत सगळेच म्हणतात. तो एकटा म्हणत नाही... त्यावरूनच तर कळलं."

बहीण हसली. हिचा घोर वेगळाच होता. केस रंगवता येतात. आवाजाला काय फासणार? सकाळी आरशात बघण्याआधी ती नायिकेचं एखादं वाक्य म्हणून बघायची. हल्ली शेवटचा शब्द जरा चरचरायचा. पण स्टुडिओत ऐकलं की सगळं कसं लख्ख. ती निर्धास्त व्हायची.

एका दुपारी विसरलेला चष्मा घ्यायला ती परत गेली. आत तिचंच वाक्य वाजत होतं, चरचरीसकट. त्यानं बटणं फिरवली. तेच वाक्य पुन्हा वाजलं, गुळगुळीत.

"कधीपासून चाललंय हे?" तिनं दारातूनच विचारलं.

तो दचकून उठला. "मी आलो तेव्हापासून... तुमचं काम जाऊ नये म्हणून."

"माझं वय तू परस्पर खोडत बसलास? मला न विचारता?"

"मला त्याचा त्रास नव्हता हो. मला तर ती चरचर—"

"मग पुसलीस कशाला?"

ती चष्मा न घेताच निघाली. रात्रभर उशी भिजली. राग त्याच्यावर किती आणि त्या चरचरीवर किती, ते तिलाही कळेना. सकाळी मात्र ती ताठ मानेनं स्टुडिओत शिरली आणि दिग्दर्शकासमोर उभी राहिली.

"माझं कालचं वाक्य लावा. न पुसलेलं."

रेकॉर्डिस्टनं ते लावलं. दिग्दर्शकानं नाक खाजवलं. "ताई, आवाज जरा... जड झालाय."

"म्हातारा झालाय म्हणा, जीभ झडणार नाही. नायिका दुसरीला द्या. याच सिनेमातली ती टोळीची म्होरकी कोण करतंय?"

"तिला आवाजच मिळत नाहीये."

"मिळाला."

ती माइकसमोर गेली. म्होरकी आपल्या माणसांना धमकावते, तो प्रसंग होता. तिनं काही लपवलं नाही. शेवटचा शब्द मनसोक्त चरचरू दिला. काचेपलीकडे दिग्दर्शक खुर्चीतून पुढे सरकला.

तिच्या हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "पुन्हा एकदा घेऊ या?"

"का? चुकलं?"

"नाही. मला... ऐकायचंय. काल चुकलो मी. यापुढे बटणाला हात लावणार नाही."

तिनं काचेतून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात खरोखरच वर होते, पकडलेल्या चोरासारखे. तिला हसू आवरेना.

"ऐकायचं असेल तर समोर बसून ऐक. उद्या घरी जेवायला ये. बहीण असेल, ती तुझं वय विचारेल. खरं सांग. माझं विचारलं तरी खरंच सांग. आणि ते 'तुम्ही' आता पुरे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

दिग्दर्शक खाकरला. "ताई, माइक चालू आहे. सगळ्यांना ऐकू जातंय."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच बोलले."