डाव्या दारातली बाई

सोलापूर शहरातल्या प्रत्येक पोलिसाच्या कमरेला वनजा कोंडाचा हात होता. वनजाने मात्र खरं पिस्तूल आयुष्यात धरलं नव्हतं, आणि आज धर म्हटलं असतं तरी तिला जमलं नसतं. कडेवर चिन्नू होता, खांद्यावर त्याची पिशवी होती आणि पिशवीतून पेजेचा डबा डोकावत होता. चाचणी केंद्राचं काचेचं दार तिने पाठीनेच ढकललं.

"आल्या, आमच्या बाई आल्या!" हवालदार सिद्राम बिराजदार खुर्चीतून उठले आणि त्यांनी चक्क सलाम ठोकला. "एवढी वर्षं कमरेला घेऊन फिरतोय की ओ तुम्हाला, तोंड आज बघतोय."

"तुमच्या घरच्यांना सांगू नका हं हे," वनजा म्हणाली.

बिराजदार मोठ्याने हसले. चिन्नूने दचकून आईच्या मानेत तोंड खुपसलं, आणि मग तो एका डोळ्याने हळूच त्यांच्या मिशांकडे बघू लागला.

पोलिसांकडे आता असायची ती डोळस पिस्तुलं. त्यांच्या नळीखाली एक बारीक डोळा असे. पोलिसाने चाप ओढला की पिस्तूल आधी समोर बघे, आणि त्यात भरलेल्या हातठशाला विचारी, की मारू का? हातठसा म्हणजे एखाद्या माणसाची डोळ्यांना दिसणं आणि बोटाने दाबणं यांमधली सवय, जशीच्या तशी उतरवून घेतलेली. कुठे दाबायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे दाबायचं नाही, ते सगळं त्यात आलं. हातठसा हो म्हणाला तरच गोळी सुटे. हे सगळं पापणी लवायच्या आत होई. पोलीस त्या हातठशाला नुसतं 'बाई' म्हणत, कारण तो वनजाचा होता.

तो घेतला कसा, तेही गमतीचंच होतं. एकोणिसाव्या वर्षी वनजा मॉलमधल्या गेम पार्लरमध्ये काउंटरवर बसायची. तिथे 'चौकी नंबर सात' नावाचा बंदुकीचा खेळ होता. पडद्यावर गल्ल्या, दारं, खिडक्या. त्यांतून गुंड बाहेर पडायचे आणि त्यांच्यामधूनच भाजीवाला, शाळेतली मुलगी, काठीवाले आजोबा. गुंड टिपायचे, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही. गिऱ्हाईक नसलं की वनजा खेळायची, आणि तिच्या हातून आजोबांना कधी खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या खेळातली बंदूक बघूनच डॉ. इरावती उपळेकरांना कल्पना सुचली होती. लोकांना वाटे, बंदुकीतून किरण निघतो आणि पडद्यावर जाऊन लागतो. होतं नेमकं उलटं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, फक्त सावजाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि बंदुकीच्या तोंडातला डोळा तो उजेड दिसतो का ते पाहायचा. म्हणजे ती बंदूक काही सोडतच नव्हती, नुसती बघत होती. खऱ्या पिस्तुलालाही असं आधी बघायला लावलं तर? उपळेकरांनी गावोगावचे खेळाडू तपासले. सर्वांत वेगवान कोण हे त्यांना नकोच होतं. त्यांना हवा होता कधीच न चुकणारा हात, आणि तो सापडला कूपनं फाडणाऱ्या मुलीकडे.

तो हात आल्यापासून शहरात एकही निरपराध माणूस पोलिसांच्या गोळीने गेला नव्हता. नियम एवढाच होता, की ठरावीक वर्षांनी तो त्याच माणसाकडून पुन्हा तपासून घ्यायचा. आज तो दिवस होता.

"सांभाळायला कोणी नव्हतं, मॅडम. म्हणून आणलं याला," वनजा जरा ओशाळून म्हणाली.

"बरं केलंस," संगणकाशी बसलेल्या उपळेकर म्हणाल्या. "बिराजदार, धरा बघू पाहुण्याला."

चिन्नूला दात येत होते. बिराजदारांच्या शिट्टीची दोरी त्याने लगेच तोंडात घातली. वनजाने ओढणी कमरेला खोचली आणि जुनी प्लास्टिकची बंदूक उचलली. हात आपोआप बसला. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. मागे चिन्नू काहीतरी बडबडला तशी तिची पाठ हलली, पण बोट हललं नाही. तिसरी गल्ली सुरू झाली आणि खेळ अचानक संपला. पडदा लाल झाला होता. वनजा मेली होती.

"अगं बाई," ती हसली. "बोचकंवालीने मारलं मला!"

उपळेकर हसल्या नाहीत. जुना आणि आजचा असे दोन आलेख शेजारी ठेवून त्या बघत होत्या. "सगळीकडे तू अगदी पूर्वीसारखी आहेस. फक्त इथे थांबलीस. का थांबलीस?"

"काय माहीत, मॅडम. झोप नाही ना होत हल्ली."

"झोपेचं असतं तर सगळीकडे दिसलं असतं. ही बोचकंवाली कोण?"

वनजाने सांगितलं. तिसऱ्या गल्लीत डाव्या दारातून एक बाई यायची. कडेवर बोचकं, एक हात पदराखाली. दिसायला साधी. पण ती दर वेळी बोचक्यातून पिस्तूल काढायची. नवी पोरं तिथेच मरायची. पार्लरमधल्या सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं, ती दिसली रे दिसली की "बोचकंवाली आली!" म्हणून ओरडा व्हायचा आणि तिला आधी उडवायची.

"म्हणजे तिने पिस्तूल काढायच्या आधीच तू मारायचीस?"

"आधीच. नंतर वेळच नसायचा."

"माझ्याकडे तो बरोबर नेम म्हणून नोंदलाय," उपळेकर सावकाश म्हणाल्या.

"बरोबरच होता की. खेळात."

उपळेकरांनी चष्मा काढला. "वनजा, हातठसा चित्रं पाठ करत नाही, तो सवय शिकतो. तुझ्याकडून तो काय शिकला असेल? ती एकच बाई? की…"

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. कपाटातून त्यांनी चाचणीचं पिस्तूल काढलं. त्यात गोळी नव्हती, दोन दिवे होते. हातठशाने नकार दिला की लाल, होकार दिला की हिरवा. आत तोच जुना हातठसा. ते त्यांनी बिराजदारांना दिलं, चिन्नूला वनजाकडे दिलं आणि स्वतः समोर जाऊन उभ्या राहिल्या.

बिराजदारांनी चाप ओढला. लाल.

उपळेकरांनी छत्री रोखून धरली. लाल. छत्री त्या हाताला ओळखू आली होती. मग त्या खोलीच्या डाव्या बाजूच्या दारामागे गेल्या आणि फाइलींचा गठ्ठा छातीशी धरून बाहेर आल्या. लाल.

"मी जाते," वनजा म्हणाली.

दारामागे तिने चिन्नूला कडेवर घेतलं. तो आता पेंगुळला होता. त्याचं डोकं खांद्यावर टेकलं तशी तिने नेहमीसारखी ओढणी त्याच्या अंगावर ओढली आणि त्याच्या पाठीखाली हात घातला. ते ओझं तोलायला तिची कंबर आपसूक एका बाजूला गेली. तेव्हा तिला कळलं, मघाशी आपण का थांबलो ते. पडद्यावरच्या त्या बाईची कंबर अशीच बाजूला गेलेली होती. एकोणिसाव्या वर्षी ती कंबर दिसलीच नव्हती तिला, दिसलं होतं फक्त बोचकं.

ती डाव्या दारातून बाहेर आली.

हिरवा.

बिराजदारांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. विंचू झटकावा तसं पटकन.

"दिवाच आहे ओ," वनजा म्हणाली. चिन्नूच्या पाठीवरचा तिचा हात मात्र घट्ट झाला होता.

"दिवा आहे म्हणून नाही, ताई." बिराजदार म्हणाले. "खऱ्यालाही मी असंच ओढतो. पूर्वी बोट लावताना घाम फुटायचा. हा आहे का गुंड, नाही का, दहांदा बघायचो. आता अंधारात काही हललं की ओढायचं. चुकत असलं तर बाई थांबवतात. सगळेच असं करतात."

"आणि मला वाटायचं," वनजा हळूच म्हणाली, "मी तर खेळतेय. खरी गोळी सुटायची वेळ आली तर पोलीस नीट बघतीलच की."

उपळेकरांनी दोघांकडे पाहिलं. पोलिसाची नजर आणि वनजाचा हात, अशी दोन कुलपं लावली होती त्यांनी, आणि प्रत्येक कुलूप दुसऱ्याच्या भरवशावर उघडंच राहिलं होतं. कुणी बोचकंवाली अजून पिस्तुलासमोर आली नव्हती, एवढंच काय ते नशीब.

"आता निवड तुझी आहे," त्या म्हणाल्या. "नियमाने हात तुझाच लागतो. जुना चालू ठेवायचा तर हे असं. आजचा नवा घ्यायचा, तर तो तिथे थांबतो. खेळात तू मेलीस, ते विसरू नकोस. कधीतरी एखादी खरोखरच पिस्तूल काढेल."

"तेव्हा समोर मी असणार," बिराजदार म्हणाले.

वनजाने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या शिट्टीची दोरी अजून चिन्नूच्या लाळेने ओली होती. "हवालदारसाहेब, तुम्ही सांगा ना."

"मला नका विचारू, ताई. मी जुनाच मागेन." त्यांनी ती ओली दोरी खिशात सारली. "म्हणून मला विचारू नका."

"नवा घ्या, मॅडम," वनजा म्हणाली. ती हवालदारांकडे न बघताच बोलली.

बिराजदारांनी मान हलवली. "म्हणजे आता पुन्हा बघायला शिकायचं आलं. या वयात!"

उपळेकरांनी फोन लावले. नवा हात सगळ्या पिस्तुलांत एकदम भरता येत होता, पण वरून सही लागत होती, आणि सही करणारे साहेब पुण्याला बैठकीत होते. तोवर जुना काढून घ्यावा, तर पिस्तुलं कुलूपबंद झाली असती. अख्खं शहर विनापिस्तूल ठेवायला कोणी तयार होईना. उद्या सकाळपर्यंत होईल, असं तिकडून सांगण्यात आलं.

वनजा बाहेर पडली तेव्हा संध्याकाळ झाली होती. कोपऱ्यावर एक तरुण पोलीस दुचाकीला टेकून उभा होता. कमरेला पिस्तूल. चिन्नू झोपला होता. तिने त्याला कडेवरून काढलं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं, आपले दोन्ही पंजे दिसतील असं. झोपेत तो जड झाला होता. त्या पोलिसाने तिच्याकडे बघून ओळख नसतानाही स्मित केलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पलीकडे शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने सुटत होते. काजं-बटणं करायला घरी न्यायचे कपडे घेऊन बायका बाहेर पडत होत्या. डाव्या हाताच्या लहान दारातून, एकामागून एक. प्रत्येकीच्या कडेवर बोचकं आणि पदराखाली एक हात.

वनजा घाईघाईने रस्ता ओलांडून गेली. पहिल्या बाईला तिने गाठलं.

"अक्का, बोचकं डोक्यावर घ्या ना. आजच्या दिवस. हात दिसू द्या."

ती बाई थांबली. तिने आधी झोपलेल्या बाळाचा गाल दोन बोटांनी कुरवाळला, मग त्या विचित्र पद्धतीने बाळ धरलेल्या पोरीकडे नीट पाहिलं.

"का गं?" ती हसून म्हणाली. "मला कोण मारतंय?"