धुण्याच्या बाल्कनीची कडी

बसा पोरांनो. लाइट येईपर्यंत दुकानात गिऱ्हाईक काही फिरकत नाही. एक गोष्ट सांगतो, नेरूळची. थाप मारायची ती गिऱ्हाइकाला, तुम्हाला नाही.

शहाण्णव साल. रथसप्तमी, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. रात्री साडेआठला वैशालीवहिनींकडे वाणाच्या स्टीलच्या वाट्या पोचवल्या नि निघालो. पुढचं मला वहिनींनीच सांगितलं.

त्यांची जिवाभावाची मैत्रीण अस्मिता, समोरच्याच फ्लॅटमधली. पंच्याण्णवच्या संक्रांतीआधी तिचा नवरा वारला. तरी त्याच वर्षीच्या रथसप्तमीला तिळाचे लाडू वळायला तीच आली. बायका यायची वेळ झाली तशी वहिनी म्हणाल्या, "नावं ठेवतात गं बायका. दहा मिनिटं धुण्याच्या बाल्कनीत बस ना."

"माझ्या हातचे लाडू चालतात, नि मी नाही?" अस्मिता हसली. पण गेली. कुणी चुकून दार उघडू नये म्हणून वहिनींनी स्वयंपाकघरातून कडी लावली.

तिला दमा. पंप पर्समध्ये, पर्स ओट्यावर. थोड्या वेळाने दार वाजलं. कुणीतरी विचारलं, "कोण गं?"

वहिनी म्हणाल्या, "काही नाही. वारा आहे."

दहाला कडी काढली, तेव्हा...

असो.

तर शहाण्णवला, मी निघाल्यावर, वाट्या पुसायला फडकं हवं म्हणून वहिनी त्याच बाल्कनीत गेल्या. मागे दार लागलं. कडी सरकली. बाल्कनीला ग्रिल. हॉलमध्ये बायका हसतायत. वहिनींनी दार ठोठावलं. हाका मारल्या. आवाज घशातच... श्वास पुरेना. दमा त्यांना कधीच नव्हता.

हॉलमधून कुणी विचारलं, "कोण गं?"

आणि दाराच्या अगदी पलीकडून, अस्मिताचा आवाज.

"काही नाही. वारा आहे."

...

वहिनी खाली बसल्या. फटीशी तोंड नेलं.

"ऐकलं होतं गं मी. तूच होतीस... माहीत होतं. चारजणींत तुझी लाज वाटली मला."



मग कडी निघाली. हळूच.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. कडीवर कुंकवाचं एक बोट उमटलेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडून नवी कडी घेऊन गेल्या. जुनी मी ठेवून घेतली. रॉकेलने घासली, चिंचेने घासली. ही बघा. मेणबत्ती जरा इकडे घ्या...

हात नको लावूस रे. अजून ओलं आहे.