शिडीवाल्याची वजाबाकी

तिच्या आत्याने दुपारी दाराला आतून कडी लावली, कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं आणि ढाराढूर झोपून गेली. शाळेत गणित शिकवून परतलेली ती दार बडवून थकली. शेवटी शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला फोन केला, तेव्हा कुठे एक जवान शिडी घेऊन आला. त्याने ती घाईघाईने भिंतीला लावली.

"फार उभी लावलीत," ती म्हणाली. "पाया भिंतीपासून पाच फुटांवर घ्या. शिडी तेरा फुटांची दिसतेय, खिडकी बारावर आहे. बरोब्बर टेकेल."

त्याने शिडी मागे घेतली. टेकली... बरोब्बर.

"हे कसं काढलंत?"

"सातवीतली मुलं काढतात."

चारचौघांत असं ऐकून दुसरा कोणी फणकारला असता. हा हसला, वर चढला, आतून दार उघडून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, मला शिकवाल? बढतीची परीक्षा आहे. गणितात दोनदा आपटलोय. ही शेवटची संधी."

ती सहसा नाहीच म्हणायची. माणसांपेक्षा तिला आकृत्या बऱ्या वाटायच्या. त्या मधेच रुसत नाहीत. पण "उद्या सहाला या," असं ती बोलून बसली.

मग तो ड्यूटी संपली की रोज यायला लागला. आत्याने त्याचं नाव शिडीवाला ठेवलं. ती मटार सोलत कोपऱ्यात बसायची आणि तिला काही ऐकू येत नाही, असं सगळेच धरून चालायचे.

त्याची चूक ठरलेली होती. काटकोन त्रिकोण दिसला रे दिसला, की हा दोन्ही वर्गांची बेरीज करून मोकळा.

"शिडी तेरा, पाया पाच. भिंतीवर कुठे टेकेल?"

"एकशे एकोणसत्तर अधिक पंचवीस... वर्गमूळ... जवळजवळ चौदा."

"म्हणजे तेरा फुटांची शिडी चौदा फुटांवर पोचली? वरचा एक फूट काय उडी मारून चढणार?"

"तुम्ही वर असाल तर मारेन."

 तिच्या हातून पेन्सिल सुटली.

"कर्ण दिलेला असेल तर वजाबाकी," ती म्हणाली. "कर्ण सगळ्यात मोठा. त्याच्यातून काढायचं."

"काढायचंच का? राहू दे की."

एकदा जाता जाता तो म्हणाला, "पास झालो तर नव्या केंद्रावर पाठवतील. गावाबाहेर." ती "बरं" म्हणाली आणि दार लावून तिथेच उभी राहिली. तो तिला आवडत होता. सरळ गोष्ट होती, सिद्ध करायला काही नव्हतं. आणि तो नीट शिकला, तर जाणार होता. एक वाईट विचार तिच्या मनात आला: चुकतोय तर चुकू दे. पण दुसऱ्या संध्याकाळी तिने वजाबाकीची गणितं काढून त्याच्यापुढे ढीग घातला. तो कुरकुरला. तिने ऐकलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी तो गणवेशातच आला.

"पास."

"वजाबाकी केलीत?"

"सगळीकडे. तिथे नुसत्या शिड्या होत्या, बाई. इथे..." तो अडखळला. "इथे जमत नाहीये. तुम्हाला वजा करून माझं काही उरत नाही."

 उत्तर देण्याऐवजी तिने विचारलं, "नवं केंद्र कुठे आहे?"

"इथून सतरा किलोमीटर. बारा सरळ जायचं, मग डावीकडे वळून पाच."

"वळण काटकोनात?"

"अगदी काटकोनात."

तिने वहीच्या कोपऱ्यात एक काटकोन त्रिकोण काढला. हिशेब तर तिला कधीच कळला होता.

"मग सतरा का म्हणता?" ती म्हणाली. "आपल्यात तेराच आहेत."

 तो हळूच म्हणाला, "तेराची शिडी तर आहेच माझ्याकडे."

"रविवारी या. नाहीतर... मीच येते."

कोपऱ्यात मटारचं ताट वाजलं.

"तिनेच जायचं," आत्या म्हणाली, "म्हणजे मला दुपारी निवांत कडी लावता येईल. आणि यंत्र आज कानातच आहे माझ्या."