तिसरी खूण

“चिवड्याचा नाही रे, तो पत्र्याचा डबा!” शिडीचा पाय धरून हेमाली ओरडली.

“दोन्ही पत्र्याचेच आहेत!” माळ्यावरून तिच्या भावाचा, सुजीतचा आवाज आला. “आणि एकात चिवडा आहे हे मला आत्ता कळतंय! आईने इथे लपवला होता तर!”

“मूठ भरून घे आणि कॅमेऱ्याचा डबा खाली दे!” मंगळी म्हणाली.

मंगळी ही हेमालीच्या वर्गातली मैत्रीण, मूळची डोंगरातल्या गावची. तिचे वडील कुंभवलीला एका कारखान्यात कामाला, त्यामुळे ती तिथेच राहायची. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस ती चिंचणीला हेमालीकडे आली होती. समुद्र जवळून पाहायचा, मासे खायचे आणि अभ्यासाचं नावही काढायचं नाही, एवढाच दोघींचा बेत होता. पण आज सकाळपासून घरात वेगळीच धांदल चालली होती.

हेमालीचे बाबा, देवू, आठ वर्षं औद्योगिक वसाहतीत नोकरी करत होते. गणपतीनंतर त्यांचा कारखानाच बंद झाला, तेव्हा रामा आजोबांची होडी आता आपणच चालवायची असं त्यांनी ठरवलं. होडी होती, जाळी होती, गळ होते. फक्त एक गोष्ट नव्हती. आजोबांची जागा!

चिंचणीच्या समुद्रात पाण्याखाली एक खडप होतं, म्हणजे बुडालेला खडक. त्याच्या कपारींत मासे हमखास सापडत. आजोबांनी ती जागा तरुणपणी शोधली होती. किनाऱ्यावरच्या देवळाच्या कळसामागे जुन्या कारखान्याचं धुराडं बरोबर उभं राहिलं पाहिजे आणि त्याच वेळी किल्ल्याच्या बुरजामागे पाण्याची टाकी आली पाहिजे. दोन्ही जोड्या जुळल्या की खाली खडप! जागा दाखवणारं यंत्र मोठ्या बोटींवर असतं, पण आजोबांनी ते कधी होडीत येऊ दिलं नाही. “त्याची बॅटरी संपते. कळसाची संपत नाय,” असं ते म्हणायचे.

कळसाची बॅटरी संपली नाही हे खरं, पण पावसाळ्यात धुराडंच पाडलं! एक जोडी गेली. आजोबांचे डोळेही आता अधू झाले होते, त्यांना किनारा नुसता धुरकट दिसायचा. मात्र मे महिन्यात त्यांनी नातवंडांना होडीतून नेलं होतं आणि बरोबर त्या जागी होडी धरून हेमालीला सांगितलं होतं, “काढ फोटो. सगला किनारा घे.”

“घेतला, आजोबा! आता कुठे जात नाही तो!” हेमाली तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणाली होती.

आता तिने डब्यातला कॅमेरा काढला आणि चालू केला. पडद्यावर दोनच शब्द उमटले. फोटो नाहीत.

हेमालीने बटणं दोन-तीनदा दाबून पाहिली. “असं कसं? इथेच तर होते!”

“दुसरीकडे कुठे उतरवून ठेवले होतेस?” मंगळीने विचारलं.

“नाही गं. कार्डातच होते.”

“फक्त कार्डात?”

हेमालीने मान हलवली. मंगळीने कॅमेऱ्याचं झाकण उघडून आतलं मेमरी कार्ड बाहेर काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. “तुझं कार्ड केवढं होतं?”

“बत्तीस जीबीचं. वर मी हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.”

“हे आठचं आहे. आणि ठिपका कुठाय?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कार्ड बदललं होतं!

“आई!” सुजीत चिवड्याच्या तोंडानेच ओरडला. “माळ्यावर कोण चढलं होतं?”

“तुज्याशिवाय कोण चढणार?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मग थोड्या वेळाने तिलाच आठवलं. “परवा प्रफुल्ल आला व्हता फराळाला. कायतरी शोधत व्हता खरा.”

प्रफुल्लमामाचा बोईसरला फोटो स्टुडिओ होता. हा कॅमेरा त्यानेच हेमालीला दिला होता. दिला होता म्हणजे काय, अधूनमधून तो स्वतःचाच समजायचा! हेमालीने त्याला तीनदा फोन लावला. तीनही वेळा घंटा वाजून वाजून थांबली.

“काम करताना तो फोन मुका करतो,” आई म्हणाली. “आज बेटेगावला बारशाचे फोटो हायत त्याचे.”

मंगळी ताडकन उठली. “चला! त्याने त्या कार्डावर फोटो काढायच्या आत गाठायला हवं!”

“पण आमचे फोटो त्याने पुसले असतील तर?” हेमालीचा आवाज रडवेला झाला.

“पुसले असले तरी चालेल. वर नवे चढले तर मात्र संपलं!”

आईला सांगून ते निघाले आणि धावतपळत त्यांनी बोईसरची एसटी गाठली. गाडीत मंगळीने नीट समजावून सांगितलं. शाळेत क्रीडास्पर्धेचे फोटो असेच गेले होते, तेव्हा संगणकाच्या बाईंनी ते परत मिळवले आणि मंगळी शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी बसून होती. “कार्ड फॉरमॅट केलं म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली. धडे आत असतातच. पण कार्डाला वाटतं, पुस्तक कोरं आहे. मग ते जुन्या धड्यांवरच नवं लिहायला लागतं.”

हेमाली खिडकीबाहेर बघत राहिली. तिला मामाचा राग येत होता, पण त्याहून जास्त स्वतःचा येत होता. आजोबांनी चाळीस वर्षं डोक्यात सांभाळलेली जागा तिच्या हाती दिली आणि तिला सहा महिने सांभाळता आली नव्हती.

बोईसर स्टेशनबाहेर रिक्षावाला ओरडतच होता. “बेटेगाव, बेटेगाव! तीन सीट खाली!”

“तीनच तर हव्यात!” म्हणत सुजीत आधी आत घुसला.

बारशाचं घर शोधावं लागलं नाही, मांडव लांबूनच दिसला. फुलांनी सजवलेल्या पाळण्यासमोर प्रफुल्लमामा एक डोळा मिटून उभा होता. बायका बाळाला घेऊन येतच होत्या. मामाचं बोट बटणावर गेलं.

“मामाऽऽ! थांब!”

सगळा मांडव वळून पाहू लागला. दचकून मामाच्या हातून कॅमेरा निसटला, पण गळ्यात पट्टा होता म्हणून वाचला.

“अगं हेमे! तू इथे? घरी सगळं ठीक आहे ना?”

“तू माझं कार्ड घेतलंस?”

“घेतलं की. माझं छोटं पडत होतं. तुझ्या कॅमेऱ्यात माझं ठेवलंय, अगदी रिकाम्या हाती नाही सोडलं तुला!”

“आणि त्यातले फोटो?”

“ते होय? फॉरमॅट मारला. म्हटलं, मांजराचेच असतील नेहमीसारखे.”

“त्यात आजोबांची जागा होती, मामा!” हेमाली म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मामाचा चेहरा उतरला. तोही समुद्रकाठचाच होता. जागा म्हणजे काय ते त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

“नंतर रडा!” मंगळी मध्ये पडली. “मामा, यावर किती फोटो काढले?”

“अकरा. रिकाम्या पाळण्याचे. उजेड बघत होतो.”

“आता बारावा नको! कार्ड काढा.”

“अगं, पण बाळाचं नाव ठेवतायत! आत्याबाईंना थांबवू कसा?”

“थांबवू नको. हे घे!” सुजीतने खिशातून मामाचंच आठ जीबीचं कार्ड काढलं. त्याला चिवड्याचा पोहा चिकटला होता, तो फुंकून उडवला. “निघताना म्हटलं, असू दे जवळ!”

“शाबास रे पठ्ठ्या!” मामाने झटकन कार्ड बदललं. हिरव्या ठिपक्याचं कार्ड हाती येताच मंगळीने त्याच्या कडेची इवलीशी कडी सरकवली. आता त्यावर कोणालाच काही लिहिता येणार नव्हतं.

बारसं उरकलं, तिघांना शिराही मिळाला, आणि दुपारी सगळे मामाच्या स्टुडिओत जमले. मंगळीने हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्रॅम मामाच्या संगणकावर घेतला. सापडलेले फोटो कुठे ठेवायचे असं संगणकाने विचारल्यावर मामा म्हणाला, “त्याच कार्डावर टाक की.”

“मामा!” तिघं एकदम ओरडले.

“बरं बाबा, कान पकडतो! माझ्या हार्ड डिस्कवर टाक.”

पाऊण तास पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मग एकेक फोटो उगवायला लागला. मांजर. मांजर. सुजीतचे दात. पुन्हा मांजर. नावं सगळी गेली होती, नुसते आकडे दिसत होते. काही फोटो तर उघडेचनात.

“होडी!” हेमाली किंचाळली. “ही बघा, होडीची पुढची नाळ!”

त्या दिवशी तिने सहा फोटो काढले होते. चार पाळण्याने गिळले होते. पाचव्यात फक्त होडीची नाळ आणि आजोबांचं डोकं होतं. सहावा उघडला आणि सगळ्यांनी श्वास रोखला. वरती आभाळ होतं, त्याखाली लांबलचक किनारा होता, आणि तिथून खाली सगळा फोटो करडा पडला होता.

“अर्धाच आला,” मामा पुटपुटला.

“पण कुठला अर्धा ते बघा!” मंगळी म्हणाली. “गेला तो समुद्र. समुद्र काय, बाहेर आहेच!”

कळस दिसत होता आणि त्याच्या मागे धुराडं सरळ उभं होतं. पण धुराडं दिसून आता उपयोग काय? हेमाली फोटो मोठा करून किनाऱ्यावरून हळूहळू नजर फिरवू लागली. झाडं, घरं, बर्फाच्या कारखान्याचं लाल छप्पर. त्या छपराच्या डाव्या कोपऱ्यावर, जणू तिथूनच उगवलेला, मोबाइलचा टॉवर!

“मामा, हा फोटो खडपावरूनच काढलाय ना? मग इथे जे जे जुळलंय, ती प्रत्येक जोडी खूणच झाली! धुराडं कशाला हवं?”

मामाने तिच्या पाठीत असा काही धपाटा घातला की ती खुर्चीसकट पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला होडी सुटली. देवू सुकाणूवर, आजोबा पुढे नाळेपाशी, मधल्या फळीवर तिघं मुलं. मंगळी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसली होती आणि तिने फळी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. हेमालीच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला फोटो होता.

“टाकी बुरजामागे आली!” देवू म्हणाला. “आता ही रेघ सोडत नाय मी. तू तुजं बघ.”

टॉवर छपराच्या उजवीकडे होता. होडी पुढे गेली तसा तो छपरावर सरकला. “थांबा, बाबा! आलं!”

आजोबांनी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडला. दोरी सरसरत गेली आणि थांबली. त्यांनी ती बोटांवर तोलली. “चिखल.”

हेमालीने पुन्हा फोटो पाहिला. मग लक्षात आलं. छपराच्या मधोमध नाही, डाव्या कोपऱ्यावर! “चुकलं माझं! अजून थोडं पुढे… अजून… बस!”

गोळा पुन्हा खाली गेला. आजोबा डोळे मिटून बसले होते. एकाएकी त्यांनी मान वर केली.

“लागलं!” त्यांनी दोरी उचलली, पुन्हा सोडली. “खडप हाय! माजं खडप हाय!” त्यांनी दोरी हेमालीच्या हातात दिली. खालचा टणक ठोका तिच्या तळव्यापर्यंत आला.

देवूने गळ टाकले. थोड्याच वेळात हाताएवढा हेकरू मासा फडफडत होडीत आला आणि मंगळीने फळी सोडून टाळ्या वाजवल्या.

“आजोबा, मी सगळं एकाच कार्डात ठेवलं होतं,” हेमाली हळूच म्हणाली. “माझ्यामुळे जागा जाणार होती.”

“मी काय निराळं केलं?” आजोबा म्हणाले. “माजा बाप सांगायचा, दोन जोड्या जागेच्या आन तिसरी जादाची ठेवायची, येखादी मोडली तर. माजी तिसरी दोन ताडांची व्हती. वादलात ताड पडले आन नवी घ्यायची मी आळसावलो. धुराडं गेलं तवा कळलं.”

“आता फोटो तीन ठिकाणी राहील!” सुजीत सांगू लागला. “एक मामाच्या हार्ड डिस्कवर, एक छापून आपल्या डब्यात आणि एक पेन ड्राइव्हवर, तो मंगळीच्या घरी कुंभवलीला जाणार!”

“कुंभवलीला कशाला?”

“चिंचणीत घरात पाणी शिरलं आणि मामानेही पुन्हा फॉरमॅट मारला, तर एक तरी प्रत तिसऱ्या गावात सुखरूप नको?” मंगळी म्हणाली.

आजोबा खो खो हसले. “देवू, ऐकलंस? ही डोंगरची पोर दर्याचा इचार करते! आन माजी नात डोळे हायत माजे. तुमी तिगं नसता तर आज आमी चिखलात गळ टाकून बसलो असतो.”

देवूने हेमालीच्या डोक्यावर हात ठेवला.

“चल, आता नवी तिसरी खूण शोध,” आजोबा म्हणाले. “आन काढ फोटो.”

हेमालीने कॅमेरा उघडला, हिरवा ठिपका पाहिला आणि सगळा किनारा चौकटीत घेतला. खट्कन आवाज झाला.

“काढला, आजोबा.”

“आता आनी येक काढ,” आजोबा म्हणाले.