पंखा नको, म्हणाली ती

"मॅडम, पंखा बसवून देतो. गरम व्हायचा विषयच संपला!" पैठण गेटजवळच्या दुकानदारानं पुन्हा तेच सांगितलं.

"अहो, पंखाच नकोय मला! त्याची घरघर माइकमध्ये येते." मनस्विनी रडकुंडीला आली होती.

शेजारी माऊस निवडत असलेला तरुण हसला. "असल्या उन्हात पंखा नको म्हणणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय."

"मग बघून घ्या!" ती फणकारली. तो मात्र काउंटरवरचं तिचं जुनं ग्राफिक्स कार्ड निरखत होता… "पंख्याशिवाय थंड ठेवता येईल. करू का प्रयत्न?"

मनस्विनी घरीच कथावाचन रेकॉर्ड करायची. पुण्याच्या एका स्टुडिओनं नमुना मागवला होता; पसंत पडला तर तिथं नोकरी. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता, आणि ते बिनपंख्याचं कार्ड तापून कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता.

दुसऱ्या दिवशी तो तरुण, विश्वजित, वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून थेट तिच्या सिडकोतल्या घरी आला. जुन्या ॲम्प्लिफायरमधला उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा जाड, कंगव्यासारखा ठोकळा त्यानं आणला होता. कार्डावरची वाळलेली पेस्ट खरवडून, नवी लावून त्यानं तो पक्का बसवला. मग कॅबिनेट आडवं केलं, वरचं झाकण काढलं. कार्ड उभं राहिलं, ठोकळ्याच्या फटी छताकडं.

"गरम हवा आपणहून वर जाते. तिला फक्त वाट द्यायची. करा सुरू."

छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. मनस्विनी वाचू लागली. तो पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडं डोळे लावून बसला; नव्वदला गेला की कॉम्प्युटर बंद. सत्तर… ऐंशी… तिची नजर वळली की तो तळहातानं खुणावी — चालू द्या. घाम त्याच्या कानशिलावरून ओघळत होता, अन् ती वाचता वाचता तेच बघत होती!

शेवटचं पान आलं. आकडा पंच्याऐंशीवर. तेवढ्यात लांबून पाण्याच्या टँकरचा हॉर्न… दुष्काळाचं साल, टँकर आला की अख्खी गल्ली ओरडत धावायची.

दारातली बादली उचलून विश्वजित अनवाणीच बाहेर सटकला.

ती एकटी. शहाऐंशी… सत्त्याऐंशी… आवाज कापू न देता ती वाचत राहिली. आकडा तिथंच थबकला. हॉर्न पुन्हा वाजला नाही. शेवटचं वाक्य संपलं, फाइल पुण्याला गेली, आणि ती धावतच बाहेर आली.

टँकर गल्लीच्या पार टोकाला उभा होता. रांगेत तिच्या घरची बादली घेऊन विश्वजित.

"ड्रायव्हरला म्हटलं, इथंच थांब, अन् हॉर्न वाजवू नको. गेली का फाइल?"

"गेली."

"मग आता तुम्हीपण जाणार." त्यानं बादली तोटीखाली धरली. "खोटं नाय बोलत… मघाशी एकदा वाटलं, पडू द्यावा कॉम्प्युटर बंद. पण तुमचा आवाज लई… नाय जमलं."

गल्लीतल्या बायका बघत होत्या. बघू देत!

"मला 'तुम्ही' नको म्हणू," ती हळूच म्हणाली.

तो गोंधळला. मग तिच्याकडं बघत म्हणाला, "तू… जा पुण्याला. मी सुट्टीला येत जाईन. येऊ?"

"ये."

आणि काठोकाठ भरलेल्या बादलीच्या कडीवर, त्याच्या बोटांना लागून, तिनं आपली बोटं ठेवली.