बार्ली डब्यात का जात नाही?

मारित स्टेन्सरुड दारातून आत आली तेव्हा तिचा चष्मा वाफेनं पांढरा झाला होता, आणि समोर कोण उभं आहे ते तिला दिसत नव्हतं.

"थांबा, पायरी आहे," कुणीतरी म्हणालं, आणि तिच्या हातातला मांजराचा पिंजरा अलगद उचलला गेला.

तिनं चष्मा पुसला. समोर एक उंच तरुण होता. पिंजरा त्यानं छातीशी धरला होता आणि आतल्या राखाडी मांजरीशी त्याचं हळू आवाजात बोलणं सुरूही झालं होतं. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, एमिल. एरवी शनिवारी तो बेघर प्राण्यांच्या या आसऱ्यात मागच्या बाजूला कुत्री धूत असे. पुढच्या टेबलाशी बसणाऱ्या बाई आजारी, म्हणून आज तो पुढे बसला होता.

"हिला... परत द्यायचंय," मारित म्हणाली. "बार्ली नाव आहे. दोन वर्षं माझ्याकडे आहे. गेला महिनाभर ती डब्यात जात नाही."

वाळूच्या डब्याबद्दल बोलताना तिचे कान तापले. एमिल मात्र पुढे झुकला.

"मग कुठे जाते?"

त्या आवाजात नुसतं कुतूहल होतं... मारितला याची अपेक्षाच नव्हती. तिला वाटलं होतं, इथली माणसं रागावतील.

"न्हाणीघरातल्या पायपुसण्यावर. एकदा माझ्या स्वेटरवर. आणि जेवणाच्या खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात."

"रोज?"

"नाही ना! दोन दिवस अगदी शहाण्यासारखी वागते. तिसऱ्या दिवशी—"

एमिलनं पेन खाली ठेवलं. "बरोब्बर तिसऱ्या?"

"मी कॅलेंडरवर खुणा केल्यात."

"डॉक्टर?"

"तपासलं. मांजर ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोप काढा, म्हणाले."

तो हसला. मग त्याला ती इथे का आली ते आठवलं असावं, कारण तो एकदम गंभीर झाला. "घरमालक काही बोलले का?"

"मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. परवा जिन्यात म्हणाल्या, 'मारित, तुझ्याकडे अलीकडे जरा वेगळाच वास येतो हं.'"

"वेगळा म्हणाल्या?"

"वेगळा."

एमिलनं श्वास आत ओढला. या बर्फाळ मॅनकेटो गावात माणसं याहून कठोर बोलत नाहीत. भाजी करपली, जावई आवडला नाही, चर्चवर वीज पडली, तरी 'जरा वेगळंच' एवढंच म्हणतात. आणि पुढे जे म्हणायचं ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

"एक डिसेंबरच्या आत मांजराचं काहीतरी कर, म्हणाल्या. आज वीस तारीख."

त्यानं समोरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं. "हे मी इथे लिहिलं, तर हिला दुसरं घर मिळणं अवघड आहे. आणि न लिहिणं मला चालणार नाही."

"ठाऊक आहे." मारितनं नजर पिंजऱ्याकडे वळवली. "म्हणून तर बाहेर गाडीत अर्धा तास बसले होते."

बार्लीनं पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावलं. एमिलनं तिथे एक बोट टेकवलं.

"दहा दिवस द्याल मला?"

"तुम्हाला?"

"म्हणजे... तिला," तो म्हणाला, आणि आता त्याचे कान लाल झाले.

मारित बार्लीला घेऊन परत गेली, आणि रविवारी दुपारी तो तिच्या घरी आला. खांद्यावर झोळी, झोळीत एक बाटली, विजेरी आणि वही. आठवडाभर तो नगरपालिकेचा बर्फ सारण्याचा ट्रक चालवतो, हे तिला कॉफीच्या पहिल्या कपाबरोबर कळलं. ती चष्म्याच्या दुकानात आहे, हे त्याला दुसऱ्या कपाबरोबर कळलं. तिसरा कप तो तीनदा नको म्हणाला, म्हणजे त्या गावच्या रीतीप्रमाणे हो म्हणाला, तेव्हा कुठे तिनं ओतला.

मग तो गुडघ्यांवर बसून खिडकीखालचा कोपरा हुंगायला लागला.

"कशानं पुसता?"

तिनं बाटली दाखवली. त्यानं झाकण उघडून हुंगलं आणि डोळे मिटले. "यात अमोनिया आहे. मांजराच्या नाकाला हा वास शूचाच वाटतो. तुम्ही दर वेळी इथे पाटी लावताय— 'या, बसा, जागा राखून ठेवलीय.'"

"अरे देवा! आणि मी दोनदा पुसत होते!"

"म्हणजे आग्रहाचं आमंत्रण."

ती हसता हसता खाली बसली. त्यानं झोळीतली बाटली काढली. हे औषध वासाचं मूळच खाऊन टाकतं, म्हणाला. मग डबा कुठे आहे ते त्यानं विचारलं.

"तळघरात, मागच्या जिन्यानं खाली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून."

दोघं खाली उतरली. डबा झाकणाचा होता आणि वाळू लव्हेंडरच्या वासाची.

"तुम्हाला कुणी असल्या अंधाऱ्या, सुगंधी पेटीत बसवलं तर?"

"काय वाचायला मिळेल त्यावर आहे."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ... मग घाईघाईनं विजेरी घर तापवणाऱ्या भट्टीवर फिरवली. तिला इथलं काय खुपत असेल? भट्टी तर रोजच चालते. कपडे धुण्याचं यंत्र सोमवारी. मग तिसरा दिवस कुठून आला? दोघांनी वही मध्ये ठेवून डोकं खाजवलं.

जाताना त्यानं दाराशी निरोप घेतला. मग जिन्यात घेतला. मग गाडीत बसून काच खाली केली आणि मांजरांच्या शेपटीविषयी वीस मिनिटं बोलला. तिकडे निरोपाची रीतच तशी आहे; पण वीस मिनिटं मारित सपाता घालून बर्फात उभी होती, आणि तिचे पाय गारठलेत हे तिला वर आल्यावर कळलं.

कॅलेंडरप्रमाणे मंगळवार हा 'तिसरा दिवस' होता. मारितनं अर्धी सुट्टी घेतली. दुपारपासून दोघं तळघराच्या पायरीवर कॉफीचे कप घेऊन पहाऱ्याला बसली होती, खांद्याला खांदा. पायरी अरुंद होती, इलाज नव्हता.

"तुझं नाक गळतंय," ती कुजबुजली.

"हेरगिरी करताना असं होतं."

चार वाजायच्या सुमारास बार्ली खाली आली. झोपेतून उठल्यासारखी आळस देत डब्यात शिरली. आणि तेवढ्यात—

खट्! घर्र... घळघळघळ... फुस्स!

राखाडी गोळा डब्यातून उडाला, एमिलच्या मांडीवर आपटला, आणि त्याची सगळी कॉफी त्याच्या सदऱ्यावर सांडून वर पसार झाला.

"पाणी मऊ करणारं यंत्र!" मारित किंचाळली.

डब्यापासून हातभर अंतरावर, त्याला लागणाऱ्या मिठाच्या पोत्यांमागे ते उभं होतं. त्या गावाचं पाणी इतकं जड, क्षारांनी भरलेलं, की घरोघरी असं एक यंत्र असतंच, आणि असतंच म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नाही. दर तीन दिवसांनी ते स्वतःला धुतं. पहाटे दोनला, सगळे झोपलेले असताना. पण ऑक्टोबरातल्या वादळात दिवे चौदा तास गेले होते. यंत्राचं घड्याळ तेवढंच मागे पडलं होतं, म्हणून आता ते दुपारी चारला सुरू होई; तेव्हा मारित दुकानात असे आणि मालकीणबाई चर्चमध्ये गोधड्या शिवायला, त्यामुळे आवाज ऐकायला घरात फक्त बार्ली.

"म्हणजे ती हट्टी नव्हती..." मारितचे डोळे भरले. "घाबरली होती. आणि मी तिला टाकायला निघाले होते."

"तू गाडीत अर्धा तास बसली होतीस," एमिल म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून कॉफी गळत होती. तिनं आपल्या बाहीनं ती पुसली. मग दोघंही एकदम यंत्राच्या घड्याळाचे काटे फिरवायला उठले, आणि दोघांचीही बोटं एकाच काट्यावर पडली.

डबा वर आला. झाकण काढलं, वाळू बिनवासाची आणली, आणि बार्लीनं स्वतः निवडलेल्या खिडकीखालच्या कोपऱ्यातच तो ठेवला. पाहुण्यांना दिसला तर दिसला.

पण बार्लीचा डब्यावरचाच विश्वास उडाला होता. गुरुवारी ती लांबून हुंगून गेली. शुक्रवारी पायपुसणं. शनिवारी पायपुसणं नव्हतं, म्हणून टॉवेल. मारितनं फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "नाही." पण दोघांनीही फोन ठेवला नाही.

तीस तारखेला तो संध्याकाळी सहाला जेवायला आला. तिनं हॉटडिश केली होती, खाली खिमा, वर भाजलेल्या बटाट्याच्या गोळ्या. खाली मालकीणबाईंच्या दाराशी ती उद्या सकाळी जाणार होती. काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. भांड्यात शेवटचा घास उरला. दोघांनी तो एकमेकांकडे सारला आणि कुणीच घेतला नाही.

"मी नेतो तिला," एमिल एकदम म्हणाला. "माझ्या घरमालकांना मांजर चालतं. मी विचारलंय."

"आणि मी?"

"तू... रोज ये. तिला भेटायला." तो काट्याच्या दात्यांकडे बघत होता. "खरं सांगायचं तर, मारित, मला कितीतरी दिवसांपासून—"

तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"श्श! बोलू नकोस. मागे बघू नकोस."

खिडकीखाली बार्ली डब्याच्या काठाशी उभी होती. तिनं एक पाय आत टाकला. काढला. पुन्हा टाकला. एमिलनं श्वास रोखला. मारितचा हात त्याच्या मनगटावरून तळव्यात घसरला आणि तिथेच राहिला. वाळू जरा करकरली. मग शांतता... लांबलचक, नाजूक शांतता. आणि मग खरवड, खरवड, खरवड. बार्ली मन लावून झाकत होती, एखादी बाई पिठाचा डबा सारखा करते तशी.

ती बाहेर आली आणि पंजा चाटत सोफ्यावर चढली.

मारितच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "गेली," ती कुजबुजली. "एमिल, गेली! ती इथेच राहणार!"

"राहणार." तो हसला, आणि मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे आता मी तिला नेणार नाही. आणि तू रोज येणार नाहीस."

"तू मघाशी काय सांगत होतास?"

"ते... राहू दे. आता तसं बरं दिसणार नाही."

मारितनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिच्या गावात कुणी कुणाला असलं तोंडावर सांगत नसे. तिच्या आईनं तिच्या वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "बार्ली असो वा नसो. आता तुझी पाळी."

त्यानं काटा खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. तेव्हा तीच टेबलावरून पुढे झुकली. तिची बाही थेट हॉटडिशच्या भांड्यात बुडाली, आणि तिनं ती तिथेच राहू दिली.

बार्लीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची आता कुणाबद्दलच तक्रार नव्हती.