आनंदीबाईंचे पोटभाडेकरू

१९८४ च्या मार्चमध्ये कोर्टाने मला, एका वकिलाला, पाहणीसाठी कमिशनर नेमून मिरकरवाडा बंदराजवळच्या एका घरी पाठवलं. घर जांभ्या दगडाचं, कौलारू. पुढे मालक आप्पा राहत, मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू आनंदीबाई. नवरा खलाशी होता, तो वारल्यावर त्या एकट्याच होत्या. आप्पांचा दावा साधा होता : बाईंनी न विचारता पोटभाडेकरू ठेवलेत. ते खरं ठरलं असतं तर बाईंचं घर गेलं असतं.

"आत लग्नघर भरल्यासारखा गलका असतो," आप्पा म्हणाले. "भर दिवसा."

दुपारची वेळ होती. अंगणात सुकट वाळत होती. आनंदीबाईंनी आम्हांला चहा दिला. बाहेरच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक. दुसऱ्या माणसाची एकही खूण नव्हती.

तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. मग बांगड्या वाजल्या, बायकांनी हळदीचं गाणं धरलं, एक म्हातारा मध्येच चुकला आणि सगळे पुन्हा हसले.

मी दार ढकललं. खोली रिकामी होती. मागे दार नव्हतं, खिडकीला गज होते. ओल्या हळदीचा वास मात्र ताजा होता.

"कोण आहेत हे?" मी विचारलं.

"ठाऊक नाय. मी राहायला आले तेव्हापासून आहेत. मी कुणाला ठेवलेलं नाय, साहेब."

"भीती नाही वाटत?"

"हसणाऱ्या माणसांची कसली भीती?"

आप्पा माझ्यामागून आत शिरले. भिंतीजवळून एका बाईचा आवाज हळूच आला, "आलास? बस की."

आप्पा खाली बसले. मी बाहेर आलो; ते बराच वेळ आत बसून होते. बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते आणि हसू आवरत नव्हतं. आत काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मी अहवालात लिहिलं : भाडेकरूखेरीज कुणाचाही ताबा आढळला नाही. कायद्याच्या नजरेने ते खरंच होतं. आप्पांनी दावा मागे घेतला.

मे महिन्यात बाईंना कोर्टाचा कागद द्यायला गेलो. त्या राजापूरला भावाकडे गेल्या होत्या. दाराला कुलूप होतं. आप्पांनी मला बाईंच्या दाराशी पायरीवर बसवून आंबा कापून दिला. ऊन उतरत होतं. दोघंही मजेत होतो.

आत गाणं सुरू झालं. आप्पा गुडघ्यावर ताल धरू लागले. गाणं संपलं, हशा पिकला.

आप्पांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हे तर तुम्ही."

मीही ओळखलं होतं. शेवटी किंचित खोकला येणारं ते हसणं माझंच होतं.

माझ्या तोंडात आंब्याची फोड होती. मी हसलो नव्हतो.